गाल नसलेला जबडा

मी एक जुना जबडा आहे. हसू नका, मित्रांनो. बरं, हसायचंच असेल तर एकदा हसून घ्या आणि मग नीट ऐका. मी माणसाचा नाही, जनावराचाही नाही. मी प्लास्टरचा आहे. भाजीवालीच्या टोपलीएवढा मोठा आहे आणि माझ्या तोंडात बत्तीस दात आहेत. वरचा डावा सुळा अर्धा तुटला आहे. माझ्या एका गालावर टायरची काळी पट्टी आहे, त्यामुळे तोंड उघडलं की मी वाकडा दिसतो. बेसा रोडवरच्या आमच्या शाळेत टाकाऊ सामानाची यादी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा त्यात माझं नाव होतं. तरी मी इथेच आहे, आणि जाणारही नाही. का जाणार नाही, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म नागपूरच्या चितारओळीतला. तिथे गणपती घडतात, दुर्गा घडतात. तेवीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात तिथे मी घडलो. रामाजी नावाचे मूर्तिकार होते. त्यांच्याकडे आमच्या शाळेचे विज्ञानाचे शिक्षक चंपतराव सर एक पुस्तक घेऊन आले. पुस्तकातल्या दातांच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, “असा जबडा पाहिजे रामाजी. पण मोठा. मागच्या बाकावरच्या पोट्ट्यालेही दिसला पाहिजे.”

रामाजी चित्राकडे बघतच राहिले. “सर, मी जनमभर गणपती केले. त्याले दीडच दात राह्यते. अन् तुमी एकदम बत्तीस मांगून राहिले!”

पण त्यांनी केले. एकेक दात वेगळा घडवला, घासला, बसवला. खालचा आणि वरचा भाग जुन्या दाराच्या बिजागरीने जोडला आणि मागे एक स्प्रिंग लावली. महालक्ष्म्यांच्या गालांना लावायचा गुलाबी रंग उरला होता, तो माझ्या हिरड्यांना लागला. म्हणजे गालांचा रंग मला मिळाला, गाल मात्र मिळाले नाहीत. रामाजींना ते सुचलं नाही, पुस्तकातल्या चित्रात ते नव्हते आणि मला तर आपल्यात काही कमी आहे हे ठाऊकच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावरच आलं.

सरांनी मला लाल कापडात गुंडाळून स्कूटरवर पुढे ठेवलं. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या एका आजोबांनी मला पाहून मनोभावे हात जोडले. सरांना राहवलं नाही. त्यांनी कापडाचं टोक जरा वर केलं. आजोबांनी बत्तीस दात पाहिले आणि जोडलेले हात तसेच राहिले. माझ्याबरोबर त्या कारखान्यात जे जे गणपती घडले होते, ते सगळे भाद्रपदात वाजतगाजत विसर्जनाला गेले. मी राहिलो. मला पूजा नको होती, मला काम हवं होतं.

आणि काम मिळालं! फरशी घासायच्या ब्रशला लांब दांडा लावून सरांनी माझ्यासाठी ब्रश केला. दरवर्षी शाळेत दातांचं शिबिर भरायचं. मी टेबलावर चढायचो आणि एखादा विद्यार्थी तो ब्रश घेऊन मला घासायचा. वरचे दात वरून खाली, खालचे खालून वर, दाढा गोल गोल. चॉकलेट खाल्लं की चूळ भरा, रात्री झोपताना ब्रश करा. माझे दात चुन्यासारखे पांढरे होते आणि सगळे म्हणायचे, दात असावेत तर असे. मित्रांनो, मी फुशारून गेलो होतो. तोंडाचं आरोग्य म्हणजे दात आणि दात म्हणजे मी, अशी माझी पक्की समजूत होती.

सोनिका माझ्या आयुष्यात आली ती सहावीत असताना. तिची आई कांताबाई, मूळच्या भिवापूरच्या. बेसा भागात नव्या इमारती उठल्या तशा तिथल्या एकट्या राहणाऱ्या नोकरदारांसाठी त्यांनी मेस काढली होती. सोनिकाचा आवाज खणखणीत होता आणि हात चपळ. सरांनी तिला ब्रश दिला आणि तिने मला असं घासलं की माझ्या कानशिलापर्यंत गुदगुल्या झाल्या. तेव्हापासून दरवर्षी तीच माझी जोडीदार. लहान वर्गातली मुलं तिला ‘ब्रशवाली ताई’ म्हणायची. आठवीत शिबिराच्या डॉक्टरांनी तिला ‘सुंदर दात, पहिला क्रमांक’ असं प्रशस्तिपत्र दिलं. तिने ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “पाह्य, तुयामुळे भेटलं.” त्या दिवशी मला वाटलं, रामाजींची मेहनत फळाला आली.

एरवी मी प्रयोगशाळेतल्या कपाटावर असायचो. मधल्या सुट्टीत सोनिका आणि तिची मैत्रीण पिंकी तिथे डबा खायला यायच्या, कारण तिथला पंखा चालू असायचा. त्यांच्या सगळ्या गोष्टी मी ऐकायचो. कपाटावर बसलेल्या जबड्याला कोण विचारतो!

आठवीच्या उन्हाळ्यात सोनिकाने शिकवणी लावली. शिकवणीच्या रस्त्यावर, आमच्या शाळेच्या फाटकापासून जरा पुढे, ताराचंदचा ठेला आहे. मोठी पोरं तिथे खर्रा घेतात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटघोट घोटून तो खर्रा तयार होतो. तो वाईट, हे शाळेतल्या प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं आहे. सोनिकाने त्याला कधी बोट लावलं नाही. पण त्याच ठेल्यावर गोड सुपारीच्या रंगीत पुड्यांच्या माळा लटकायच्या. त्यात तंबाखू नाही. शिकवणीतल्या मुली ती खायच्या, हिने पण खाल्ली. तोंडाला वास छान येतो, अभ्यासाला झोप येत नाही. सुरुवातीला दिवसाला एक, मग गालात एक संपली की दुसरी.

“मॅडमनं पाह्यलं तं?” पिंकीने एकदा विचारलं.

“पाहू दे ना. तंबाखू थोडी हाय? साधी सुपारी तं पूजेत पण ठेवते. अन् चंपतराव सर नाही का खात?”

हे मात्र खरं होतं. सरांच्या टेबलाच्या ड्रॉवरात बडीशेप आणि सुपारीची एक पितळी डबी होती. जेवण झालं की सर चिमूटभर तोंडात टाकायचे आणि समोर कोण असेल त्याच्यापुढेही डबी धरायचे. तंबाखूविरुद्ध दोन तास बोलणारा माणूस, पण सुपारी त्यांच्या हिशेबात पाहुणचार होती. सोनिकालाही त्यांनी एकदा दिली होती. प्रेमाने दिली होती. मी तिथेच होतो, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सुपारीने दात पिवळे पडतात एवढं सोनिकाला माहीत होतं. त्यावरचा उपाय ती माझ्याकडूनच शिकली होती. दप्तरात ब्रश ठेवायची आणि प्रत्येक पुडीनंतर नळावर जाऊन घासायची. वरचे वरून खाली, खालचे खालून वर. आईला संशय आला की ती दात दाखवायची. दात चकाचक. कांताबाई निश्चिंत.

नववीच्या पावसाळ्यानंतर डब्यातलं बोलणं बदललं. आधी तिच्या डब्यात ठेचा असायचा, भिवापुरी मिरचीचा. पिंकीच्या डोळ्यांना पाणी यायचं आणि सोनिका तो पोळीला लोण्यासारखा फासून खायची. आता ती ठेचा पिंकीकडे सरकवायला लागली. मग वरणाला कमी तिखट हवं झालं. मग नुसता दहीभात. “आई म्हणून राहिली, मेसमधल्या इंजिनियर पोरींसारखे नखरे शिकली तू,” ती हसून सांगायची. पण हसताना तिचा हात गालाकडे जायचा. तोंड आलंय म्हणायची. तोंड येतं, जातं. हिचं आलेलं जातच नव्हतं.

मला काहीतरी खटकत होतं. पण माझ्या बत्तीस दातांत त्याचं उत्तर नव्हतं.

त्या वर्षीचं शिबिर आलं. चारशे मुलं रांगेत आणि डॉक्टर दोन. ‘आ कर, हं, पुढे.’ ‘आ कर, दोन किडलेत, पुढे.’ सोनिका आली. तिने आ केलं, म्हणजे तिला जमलं तेवढं केलं. समोरचे दात दिसले, मोत्यांच्या माळेसारखे, आणि घाईतले डॉक्टर म्हणाले, “वा! पुन्हा पहिला नंबर.” मी टेबलावर तिच्या शेजारीच होतो. माझं तोंड स्प्रिंगवर आ वासून उघडं आणि तिचं माझ्या निम्म्यानेही नाही. हे कोणाला कसं दिसलं नाही? मला ओरडायचं होतं, पण रामाजींनी मला जीभही दिली नव्हती. पुढच्या महिन्यात मोठ्या समारंभात तिला ढाल मिळणार आणि फाटकावर तिचा दात दाखवणारा फोटो लागणार, असं त्याच दिवशी जाहीर झालं.

त्यानंतर आठ दिवसांनी पिंकीचा वाढदिवस आला. तिने प्रयोगशाळेत गुपचुपचं पार्सल आणलं. तुमच्याकडे पाणीपुरी म्हणत असतील, नागपुरात गुपचुप. पिंकीने एक उचललं, पाण्यात बुडवलं आणि घप्पकन तोंडात टाकलं. सोनिकाने उचललं, तोंडाशी नेलं, थांबली. मग पुरी दाताने कुरतडायला गेली आणि सगळं पाणी गणवेशावर सांडलं.

“काहून वं? एकदम टाकून घे ना,” पिंकी म्हणाली.

“जात नाही.”

“काय जात नाही?”

“तोंडात जात नाही वं!” सोनिका चिडून म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “दिवाळीपासून जात नाही. जांभई आली तं कानाजवळ ओढते. तू कोणाले सांगशील तं बोलनार नाही तुयासंगं.”

नेमके तेव्हाच चंपतराव सर चष्मा विसरला म्हणून परत आले होते. दारातच थांबले. त्यांनी पाणी सांडलेला गणवेश पाहिला, अर्धी कुरतडलेली पुरी पाहिली. माणूस चांगला होता, म्हणून रागावला नाही. समोर स्टूल ओढून बसले.

“बेटा, मोठं आ कर.”

तिने केलं.

“अजून.”

“नाही होत सर.”

सरांनी स्वतःची मधली तीन बोटं एकाला एक चिकटवली, उभी धरली आणि आपल्या तोंडात घातली. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये ती कशीबशी मावली. “आता तू आपली टाक.” सोनिकाने बोटं धरली. दोन गेली. तिसरं दातांवर आपटलं आणि बाहेरच राहिलं. तिने पुन्हा ढकललं. डोळे मिटून ढकललं. नाही गेलं.

“काय खाते तू?”

“काहीच नाही सर. आईची शपथ, तंबाखू मी पाह्यला पण नाही. साधी सुपारी हाय फक्त.”

सर स्टुलावरून उठले. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, ती पितळी डबी काढली आणि सुपारीसकट कचऱ्याच्या टोपलीत टाकली. डबीचा ठण्णकन आवाज झाला. त्यांच्या वडिलांची डबी होती ती. “चूक मायी हाय,” ते म्हणाले. “मी तुमाले तंबाखूचं सांगतलं. सुपारीचं सांगतलंच नाही.”

मित्रांनो, माझं काय झालं असेल तेव्हा? वीस वर्षं मी दातांचं कौतुक करून घेतलं. हिचे दात माझ्यासारखेच होते आणि दुखणं होतं गालांत. सुपारीने आतून गाल पांढरट, चिवट आणि कडक होत चालले होते आणि तेच तोंड उघडू देत नव्हते. मला गालच नाहीत! मी तिला काय शिकवणार होतो? मी तिला फक्त पुरावा पुसायला शिकवलं. मला स्वतःचा इतका राग आला की ते पांढरे दात सगळे पाडून टाकावेत असं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी सर आणि कांताबाई तिला दातांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गालांवरून आतून बोट फिरवलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. जे आखडलं आहे ते पुरतं पहिल्यासारखं होईलच असं नाही. सुपारी आज, या क्षणी सुटली तर पुढचं आखडणं थांबवता येईल आणि व्यायामाने थोडं परत मिळेल. नाही सुटली तर एक दिवस चमचाही आत जाणार नाही, आणि पुढे कर्करोगाचीही भीती. तपासणीला येत राहावं लागेल, वर्षानुवर्षं. व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. पहिल्या दिवशी सोळा काड्या मावल्या.

हे सगळं तिने पिंकीला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. घरी आल्यावर कांताबाईंनी ठेच्याचा खलबत्ता धुऊन पालथा ठेवला आणि त्या तिथेच बसून रडल्या म्हणे. “मी तुले नखरे म्हटलं वं,” एवढंच म्हणत होत्या.

आता प्रश्न ढालीचा होता. समारंभ दोन आठवड्यांवर आला होता. सोनिका गप्प बसली असती तर कोणाला काही कळलं नसतं. दात पांढरे होतेच. पिंकी तेच म्हणत होती. “घेऊन घे ना ढाल. नंतर हळूच औषध करत राह्यजो. सगळ्या शाळेत काहून तमाशा कराचा?”

सोनिकाने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने विचारलं, “पिंकी, याले गाल काहून नाही वं?”

त्या रविवारी सर, सोनिका आणि मी चितारओळीत गेलो. बावीस वर्षांनी मी माझ्या घरी गेलो. रामाजींचे हात आता थरथरतात, मूर्ती त्यांची सून करते. त्यांनी मला मांडीवर घेतलं, हिरड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “माया हातून अर्धाच राह्यला गा तू.” मग सोनिकाने सांगितलं तसं त्यांनी केलं. गादीचा मऊ स्पंज, त्यावर लाल कापड, असे दोन्ही गाल मला शिवून लावले. मऊ गालांनी माझं तोंड पूर्वीसारखंच उघडत होतं. मग सायकलच्या जुन्या टायरची एक पट्टी कापली, तिला दोन आकडे लावले आणि डाव्या गालावर ओढून बसवली. माझं तोंड अर्ध्यावर अडलं आणि एका बाजूला वाकडं झालं. रामाजींनी ओळखीच्या गणपतीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. “आता पुरा झाला,” म्हणाले.

मोठ्या मॅडमना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मात्र मी पटलो नाही. समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पाहिलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. “हे काय ध्यान केलंय? पाहुणे येणार आहेत. फोटो निघतील. आपल्याकडे नवा, विकतचा, छान दातांचा सेट आलाय तो ठेवा. बळीराम, हे जुनं भंगारात टाकून द्या.” यादीत माझं नाव आधीच होतं. शिपाई बळीरामने मला उचललं. मी काही हलका नाही. पायरीवर त्याचा तोल गेला, मी हातातून सुटलो आणि माझा सुळा तुटला. त्याने मला गच्चीखालच्या अडगळीत, मोडक्या बाकांवर टेकवलं. तिथून फाटक दिसतं. फाटकावर त्यांनी सोनिकाच्या हसऱ्या फोटोचा फलक लावायला घेतला होता. मी रात्रभर त्याच्याकडे पाहत राहिलो. मला विसर्जनच हवं असतं तर बावीस वर्षांपूर्वीच गेलो असतो की!

सकाळी पावलं वाजली. सोनिका होती. गणवेश इस्त्रीचा, दोन वेण्या घट्ट. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरून चालायला लागली. बळीराम आडवा आला. “पोरी, मॅडम मले बोलतीन.”

“तुमी सांगजा, मी हिसकून नेला.”

सभागृहात चारशे मुलं, शिक्षक, पाहुणे. तिचं नाव पुकारलं गेलं आणि टाळ्या सुरू झाल्या. ती मला घेऊनच मंचावर चढली. टाळ्या जरा अडखळल्या. कोणीतरी माझं वाकडं तोंड पाहून खी खी केलं. मोठ्या मॅडम अर्ध्या उठल्या. चंपतराव सरांनी त्यांच्याकडे पाहून हात जोडले. बसा, एवढंच.

सोनिकाने पिशवीतून तीन लाटणी काढली, आईच्या मेसमधली. “हे तीन बोटं समजा,” ती म्हणाली. आधी तिने टायरची पट्टी काढली, माझं तोंड उघडलं आणि तिन्ही लाटणी एकावर एक आत ठेवली. बसली. मग लाटणी काढून पट्टी पुन्हा अडकवली. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरं माझ्या दातांवर आपटलं. ठक्क.

“याचे दात पाहा. एक तुटला, पण बाकी पांढरे हाय. माये पण पांढरे हाय. म्हणून मले पहिला नंबर भेटला.” तिने लाटणी बाजूला ठेवली. “आता माये गाल पाहा.”

आणि तिने चारशे लोकांसमोर आपली तीन बोटं तोंडाशी नेली. दोन गेली. तिसरं बाहेर राहिलं. ती तशीच उभी राहिली, बोट दातांवर टेकवून, शेवटच्या बाकावरच्या मुलाला दिसेपर्यंत. मग बोटं काढली आणि म्हणाली, “मी तंबाखू नाही खाल्ला. सुपारी खाल्ली. गोड. जवळजवळ एक वर्ष. ढाल मले नको. फाटकावर फोटो लावाचा असन तं असा लावा.”

मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हळूच आपली तीन बोटं तोंडात घातली. तिच्या शेजारणीने घातली. मग सगळं सभागृहच. पाहुण्यांनीही घातली, रुमालाआड. चारशेपैकी सतरा मुलांची तिसरी बोटं बाहेर राहिली, आणि एका शिक्षकाचंही. त्यातली काही मुलं रडायला लागली. पण त्या दिवशी कोणी कोणाला हसलं नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा आले आणि या वेळी त्यांनी गाल पाहिले, एकेकाचे, सावकाश.

मोठ्या मॅडमनी फाटकावरचा फलक उतरवला. त्यानंतर दोनदा मी यादीत आलो, पण मला उचलायला बळीरामच आला नाही. “मायाच्यानं नाही होत मॅडम, लय जड हाय,” असं तो दोन्ही वेळा म्हणाला. मी आता व्हरांड्यात, नळांच्या शेजारी उभा असतो.

एक गोष्ट अजून आहे. ती मी कोणाला सांगितली नव्हती. समारंभानंतर ताराचंद तक्रार घेऊन शाळेत आला होता. व्हरांड्यात सोनिका भेटली. “काहून वं पोरी, माया धंद्यामागं लागली? मी का तुले बोलावलं होतं?”

“नाही काका. मीच आली होती,” ती म्हणाली. “पण तुमी एकडाव बोटं टाकून पाहा ना.” आणि ती वर्गात निघून गेली.

ताराचंद हसला. इकडे तिकडे पाहिलं. कोणी नव्हतं, फक्त मी. त्याने माझ्याकडे तोंड केलं आणि एक बोट घातलं. ते गेलं. दुसरं घातलं. ते गेलं नाही. वीस वर्षं तो दुसऱ्यांचा खर्रा घोटतो आणि स्वतःचाही खातो. मग त्याने बोट पँटला पुसलं आणि मोठ्या मॅडमना न भेटताच परत गेला. ठेला बंद झाला असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू? पण गोड सुपारीच्या माळा दुसऱ्या दिवशीपासून दिसल्या नाहीत.

मित्रांनो, दात घासा. घासूच नका असं मी कसं म्हणेन, मी शेवटी जबडाच आहे. पण माझ्या पांढऱ्या दातांना भुलू नका आणि स्वतःच्याही नका. कोणी प्रेमाने डबी पुढे केली तरी नाही म्हणा. सर असले तरी म्हणा, पूजेतली असली तरी म्हणा. आणि आता हे वाचता वाचता हात धुऊन या, तीन बोटं जुळवा, उभी धरा आणि तोंडात घालून पाहा. मी थांबतो.

गेली? मग ती कायम अशीच जात राहतील असं पाहा. नसतील जात तर लाजू नका, लपवू नका आणि पुन्हा पुन्हा ब्रश करून ते विसरू नका. आजच घरी सांगा.

सोनिका आता दहावीत आहे. सुपारी सुटून चौदा महिने झाले. सोळाच्या एकोणीस काड्या झाल्या आहेत आणि कांताबाईंचा खलबत्ता अजून पालथाच आहे. दर सोमवारी प्रार्थनेआधी ती माझ्यासमोर येते आणि तीन बोटं घालते. तिसरं बोट परवापर्यंत दातांवर आपटायचं. गेल्या सोमवारी ते नखापर्यंत आत गेलं. उरलेलं जाईल की नाही, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. पण ती दर सोमवारी येते, आणि यादी होवो नाही तर काही होवो, सोमवारी मी इथे असणारच.